मिल्क थिसल: हे झाड कुणी डोळ्यांनी बघितलंय का?

माळरान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आमच्या अण्णांच्या (वडील, वय ६३) सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड दोन निघालं. डॉक्टरांनी वजन उतरवा, संध्याकाळची भजी बंद करा, रोज चाला, एवढंच सांगितलं. गोळी दिली नाही. गोळी दिली नाही म्हणजे डॉक्टरांना काही कळलंच नाही, असं आमच्या घरात धरतात. मग पुण्याच्या आत्याने लिव्हरसाठी म्हणून मिल्क थिसलच्या कॅप्सूलची बाटली पाठवली. साठ कॅप्सूल. किंमत बघून आईने बाटली कपाटात कुलूप लावून ठेवली.

बाटलीवर झाडाचं चित्र आहे. काटेरी पान आणि त्यावर पांढऱ्या शिरांची जाळी. बापूकाकांनी (धाकटे चुलते, शेती तेच बघतात) चष्मा लावून चित्र पाहिलं आणि म्हणाले, "ह्येच्यासाठी पैकं दिलं व्हय? आपल्या बांधाला गाडीभर उगावतंय की ह्ये." दुसऱ्या दिवशी जाऊन बियाही झाडून आणल्या. काळ्या, बारीक, गोल. स्टीलचा डबा भरला. आता त्या कुटून अण्णांना रोज चमचाभर मधातून द्यायच्या, असा बेत आहे. मी सोमवारपर्यंत कसंबसं थांबवलंय.

पान मीही चित्राशी ताडून बघितलं. खरंच तसंच दिसतं. फूल मात्र पिवळं आहे. नेटवर एके ठिकाणी याला 'उंटकटारा' म्हटलंय, दुसरीकडे 'दुग्ध रोप'. कुणी हे झाड खरोखर बघितलंय का? गाव बार्शीच्या बाजूला, माळाची जमीन.

काटेकोर

पिवळं फूल आणि काळी गोल बी? पानाचा देठ मोडून बघा. पिवळा चीक आला तर तो डबा आधी घराबाहेर काढा, मग बाकीचं वाचत बसा.

माळरान

आत्ता फोन केला. चीक पिवळाच आहे. काका म्हणतात, हात हळदीसारखा झाला.

काटेकोर

मग तो पिवळा धोत्रा. आर्जेमोन मेक्सिकाना. नावाप्रमाणे मूळचा मेक्सिकोचा, खसखशीच्या कुळातला, आणि विषारी. मिल्क थिसल शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं. दोघांचं नातं काडीचंही नाही, पण निळसर हिरव्या काटेरी पानावर पांढऱ्या शिरा दोघांनाही आहेत. नुसत्या पानावरून भलेभले फसतात, त्यामुळे काकांना हसू नका.

बी मात्र फसवणारी नाही. धोत्र्याची बी मोहरीसारखी असते. इतकी मोहरीसारखी, की मोहरीच्या तेलात तिची भेसळ होते. १९९८ साली दिल्लीत त्या भेसळीच्या तेलाने साठाहून जास्त माणसं गेली, हजारोंना रुग्णालयात जावं लागलं. पाय सुजतात, दम लागतो, हृदय थकतं, काहींना काचबिंदू होतो. त्याला 'साथीचा जलोदर' असं चमत्कारिक नाव आहे. बीच्या तेलातलं सँग्विनरीन नावाचं विष केशवाहिन्या झिरपत्या करतं, त्यातून हे सगळं. आणि तुम्ही ती अण्णांना रोज चमचाभर, तीही मधातून देणार होतात!

मिल्क थिसलचं फूल जांभळं-गुलाबी, करडईच्या बोंडासारखं पण कितीतरी मोठं, भोवती बाहेर वळलेल्या दणदणीत काट्यांचा गराडा. बी सहा-सात मिलिमीटर लांब, चपटी, तपकिरी, चकचकीत.

हळदीकुंकू

बापरे! अंगावर काटा आला. (शब्दशः.)

माळरान

आईने डबा उचलून थेट उकिरड्यावर नेऊन ओतला. काका रुसलेत. म्हणतात, आमच्या आज्याने याच चिकाने खरूज बरी केली होती.

वैद्यबुवा

आज्याने केलीही असेल. पिवळ्या धोत्र्याचा चीक त्वचेवर लावायचा प्रघात खेड्यांत आहे. पण वरून लावणं वेगळं आणि पोटात घेणं वेगळं. आयुर्वेदाच्या ग्रंथांतल्या 'स्वर्णक्षीरी' (सोनेरी चिकाची) या औषधी झाडाच्या जागी काही लोक हेच झाड धरतात. मेक्सिकोचं झाड चरक-सुश्रुतांना कुठून भेटणार, हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही.

तीच गोष्ट मिल्क थिसलची. बाटलीवर 'आयुर्वेदिक' लिहिलं असेल तर तो फक्त परवान्याचा मामला समजा. आपल्या संहितांमध्ये हे झाड नाही. यकृतासाठी आपल्याकडे कुटकी, भुईआवळी, शरपुंखा, पुनर्नवा ही नावं येतात. शरपुंखेला तर 'प्लीहशत्रू' म्हणतात. मिल्क थिसल भूमध्य समुद्राच्या काठचं, तिथल्या वैद्यकाचं. परकं आहे म्हणून वाईट असं माझं म्हणणं नाही, पण त्याला उगाच आपलं गोत्र चिकटवू नये.

उंटकटारा म्हणजे एकिनॉप्स एकिनेटस, मराठीत उटकटारी. माळावर काट्यांचे गोल चेंडू दिसतात ते. ते तिसरंच झाड आहे. नातं लांबचं आहे, पण मिल्क थिसल ते नव्हे.

लोदची आजी

बाळांनो, मी बघितलंय. रोज बघते म्हटलं तरी चालेल.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. माहेर रेवदंड्याजवळ, लग्नानंतर १९६०च्या दशकात आम्ही इथे इस्राएलात आलो. माझी मराठी अजून तिथलीच राहिली, चुकलं तर सांभाळून घ्या. लोद गावाबाहेर रेल्वेच्या कडेला, पडक्या जागी, कचऱ्याच्या ढिगावर हे झाड पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात उगवतं. आधी जमिनीला चिकटून मोठं थाळीएवढं पसरतं. हिरव्या पानावर दूध सांडल्यासारखे पांढरे पट्टे. मग मधून दांडा निघतो, माणसाच्या छातीएवढा, कधी डोक्यापर्यंत. पेसाहच्या सणाच्या आसपास (मार्च-एप्रिलात) जांभळी फुलं येतात आणि मेच्या उन्हात सगळं झाड वाळून खडखडीत होतं. मग वाऱ्याबरोबर म्हातारीच्या कापसासारखे बीचे झुपके उडतात.

हिब्रूत याला गदिलान म्हणतात. आमच्या शेजारच्या अरब बाई खुर्फेश म्हणत. त्यांची मुलं फुलं यायच्या आधी दांडा कापायची, चाकूने काटे नि साल काढायची, आणि आतला गाभा काकडीसारखा कचाकचा खायची. मीठ-लिंबू लावून मलाही दिलेला. चव सांगू? पहिल्या घासाला काकडी, नंतर किंचित कडू, शेवग्याच्या कोवळ्या शेंगेतल्या गरासारखं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "काटेरी झाड खायला आपण काय उंट आहोत?" पण दुसऱ्या वर्षी त्याच खात होत्या.

औषध म्हणून त्या शेजारीण बाई बी ठेचून पाण्यात उकळायच्या. त्यांच्या यजमानांचं पोट नेहमी जड असायचं, त्यासाठी. गुण आला की नाही ते मी विचारलं नाही, तेव्हा मला अरबीही येत नव्हतं आणि हिब्रूही.

माळरान

आजी, दंडवत! धाग्याचा उद्देश सफल झाला.

काटेकोर

आजींच्या सासूबाईंचं उंटाचं वाक्य बघा. अरबीत या झाडाचं आणखी एक नाव आहे, शौक अल्-जमल. शब्दशः उंटाचा काटा. उंटकटारा म्हणजेही उंटाचा काटा. मला दाट शंका आहे की कुणीतरी अरबी नावाचं भाषांतर केलं आणि ते आपल्या माळावरच्या वेगळ्याच झाडावर जाऊन बसलं. मग नेटवर एकाचं बघून दुसऱ्याने उतरवणारे आले. (हा माझा अंदाज, पुरावा मागू नये.)

म्युनिककर

जरा उशिरा आले, पण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. मी जर्मनीत औषधांच्या दुकानात काम करते, इथे त्याला आपोथेके म्हणतात. मारियनडिस्टेलच्या, म्हणजे मिल्क थिसलच्या, गोळ्या आठवड्यातून कितीदा तरी मागायला येतात. मारिया म्हणजे येशूची आई, डिस्टेल म्हणजे काटेझाड. गोष्ट अशी सांगतात, की बाळाला घेऊन इजिप्तकडे पळताना मारियेने वाटेत बाळाला पाजलं आणि दुधाचा थेंब पानावर पडला. त्या पांढऱ्या शिरा म्हणजे ते दूध. शास्त्रीय नाव सिलिबम मॅरिएनम, त्यातलं 'मॅरिएनम'ही तिथलंच. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन नावांतही मारिया आहेच.

आता गंमत बघा. पानावर दूध दिसतं, म्हणून युरोपात बाळंतिणीला दूध यावं यासाठी हे झाड द्यायची पद्धत पडली. झाडाचं रूप ज्या अवयवासारखं, त्या अवयवाचं ते औषध, असं मानायचे तिकडे. आपल्याकडे अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला असं ऐकता ना, तसंच. दुधावर त्याचा भक्कम पुरावा नाही.

यकृताची बाजू मात्र जुनी आहे. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने याचा रस मधातून घेतला तर पित्त बाहेर पडतं असं लिहिलंय. त्याच काळातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिदेस सांगतो, की कोवळं असताना तेल-मीठ घालून शिजवून खातात. म्हणजे आजींच्या लोदमधली भाजी दोन हजार वर्षांची झाली! सतराव्या शतकात इंग्लंडचा झाडपाल्याचा वैद्य कलपेपर कावीळ आणि यकृत-प्लीहेच्या तक्रारींवर सांगतो. या सगळ्यांचा भर पान, मूळ, अख्खं झाड यावर होता. बियांकडे ठळकपणे लक्ष वळवलं राडेमाखर नावाच्या जर्मन डॉक्टरने, एकोणिसाव्या शतकात. तो बियांचा अर्क दारूत काढून द्यायचा.

हे दारूतलं महत्त्वाचं आहे. १९६८ मध्ये इथे म्युनिकमध्येच हिल्डेबर्ट वाग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बियांतून सिलीमारिन, म्हणजे त्यांतला औषधी भाग, वेगळं काढलं. ते एक द्रव्य नाही, कुटुंब आहे, त्यातलं मुख्य सिलिबिनिन. आणि हे कुटुंब पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे दुकानात 'मारियनडिस्टेल चहा' म्हणून जी पाकिटं मिळतात, त्यांत सिलीमारिन नावापुरतंच उतरतं. उकळून पिणाऱ्या लोदच्या शेजाऱ्यांच्या पोटाला हलकं वाटलं असेल तर मला आनंद आहे, पण ते यकृतापर्यंत पोहोचलं असं मी म्हणणार नाही.

हिशोब करून बघा. बीमध्ये सिलीमारिन साधारण दीड ते तीन टक्के. अभ्यासांमध्ये दिवसाला ४२० मिलिग्रॅम असा डोस बऱ्याचदा असतो. दोन टक्के धरले तर त्यासाठी २१ ग्रॅम बी रोज चावायला लागेल, आणि त्यातलंही आतड्यातून रक्तात थोडंच जातं. म्हणून अर्काच्या गोळ्या.

पुणेरी पाटी

वाचनखूण साठवली आहे. पण मूळ मुद्दा राहिला. गुण येतो का नाही? हो किंवा नाही एवढंच सांगा.

म्युनिककर

हो-नाही एवढ्यात मिटत असतं तर इतकी वर्षं भांडणं झाली नसती.

१९८९ मध्ये ऑस्ट्रियातला एक अभ्यास आला. सिरॉसिसचे (यकृत निबर होऊन निकामी होत जातं तो आजार) १७० रुग्ण, निम्म्यांना सिलीमारिन, निम्म्यांना खोटी गोळी. चार वर्षांनी औषधवाल्यांपैकी ५८ टक्के जिवंत, दुसऱ्या गटात ३९. सगळे खूश. १९९८ मध्ये स्पेनमध्ये दारूमुळे सिरॉसिस झालेल्या २०० जणांवर केलं, काही फरक दिसला नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवर नेहमीपेक्षा बराच मोठा डोस देऊन पाहिला, यकृताच्या एन्झाइम्समध्ये खोट्या गोळीपेक्षा काही वेगळं झालं नाही. जर्मनीच्या सरकारी तज्ज्ञ समितीने १९८६ मध्ये यकृताच्या आजारांत 'पूरक' म्हणून मान्यता दिली होती. पूरक, हा शब्द आमच्या गिऱ्हाइकांना ऐकू येत नाही.

फॅटी लिव्हरबद्दल छोटे छोटे अभ्यास आहेत, एन्झाइम्स थोडे उतरल्याचं काहींत दिसतं. पण डॉक्टरांनी जे सांगितलंय, वजन उतरवा, त्याच्या पासंगालाही ते पुरत नाही. वजनाच्या सात ते दहा टक्के उतरवले तर यकृताची सूजसुद्धा कमी होते. अण्णा ८० किलोचे असतील तर सहा-आठ किलो.

माळरान

८६.

पुणेरी पाटी

म्हणजे भजी बंद. हे आम्हीही फुकट सांगितलं असतं.

म्युनिककर

एका ठिकाणी मात्र या झाडाला मी मनापासून नमस्कार करते. युरोपात डेथ कॅप नावाची अळंबी आहे, अमानिता फॅलॉइडेस. दिसायला साजरी, फिकट हिरवट, आणि अर्धी अळंबी माणूस मारायला पुरते. खाल्ल्यावर सहा ते बारा तास काहीच होत नाही, कधी त्याहूनही जास्त वेळ. मग जुलाब-उलट्या. मग एखादा दिवस बरं वाटतं, लोक घरी जातात. तोवर आत यकृत गळायला लागलेलं असतं. तिच्यातलं विष यकृताच्या पेशीत शिरतं आणि प्रथिनं बनवण्याचं कामच बंद पाडतं. शिवाय पित्तातून आतड्यात, आतड्यातून पुन्हा यकृतात, असं फिरत राहतं.

यावर इथल्या रुग्णालयांत सिलिबिनिन शिरेतून देतात. ते विषाला पेशीच्या दारातच अडवतं. त्याच्यावर दोन गट पाडून मोठा अभ्यास झालेला नाही. मरणाऱ्या माणसाला खोटी सलाइन कोण लावणार? तरी लवकर पोचलेल्यांना ते दिलं जातं. २०१५ च्या शरदात जर्मनीत नव्याने आलेल्या निर्वासितांपैकी बऱ्याच जणांना ही विषबाधा झाली. त्यांच्या देशात तशीच दिसणारी खायची अळंबी असते, त्यांनी ओळखीची समजून तोडली. म्हणजे बापूकाकांचीच गोष्ट, फक्त पान नाही, अळंबी.

शिरेतलं औषध आणि कपाटातली कॅप्सूल यांचा संबंध मात्र जोडू नका. दुकानात लोक तोच जोडतात: "विषावर चालतं तर माझ्या वीकेंडच्या बिअरवर का चालणार नाही?"

शेतकीमास्तर

धागा वाचतोय, आता गप्प बसवेना. मंडळी, तुम्ही सगळे त्या परदेशी काट्यामागे लागलाय आणि त्याची सख्खी चुलतबहीण तुमच्या ताटात आहे. करडई! सोलापूर, परभणी, बीडकडची करडई आणि हे मिल्क थिसल एकाच कुळातल्या एकाच शाखेतले. करडईही मुळात पश्चिम आशियाकडची, पण इथे येऊन इतकी जुनी झाली की तिला कुणी परकी म्हणत नाही. मिल्क थिसलचं बोंड 'करडईसारखं' असं काटेकोर यांनी वर लिहिलंय, ते उगाच नाही.

आजींनी दांड्याची गोष्ट सांगितली तशी आमच्याकडे करडईची कोवळी भाजी. पेरणीनंतर महिन्याभरात विरळणी करतात तेव्हाची. डाळ घालून, लसणाची फोडणी. काटे यायच्या आत खायची, नंतर ती आपल्याला खाते. आणि काढणी पहाटे करायची, दव असताना. तेव्हा काटे मऊ असतात. ऊन चढलं की बायका हातावर कापडं गुंडाळतात तरी रक्त निघतं. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले ते यासाठीच.

करडईच्या पानात सिलीमारिन आहे असं मात्र माझ्या नावावर खपवू नका.

हळदीकुंकू

आमच्याकडे करडईच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालतात. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

शेतकीमास्तर

कण्या घातल्या तर डाळ नको. दोन्ही घालणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही.

काटेकोर

आणखी एक अवांतर. युरोपियनांबरोबर हे मिल्क थिसल अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांत गेलं आणि तिथे माजलं. चार्ल्स डार्विन १८३३ मध्ये ब्वेनोस आयरेसहून सांता फेला घोड्यावरून जात होता. त्याने पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांच्या या राक्षसी काट्यांचं वर्णन केलंय. उन्हाळ्यात ते इतके उंच आणि दाट होत, की आत दरोडेखोर लपत. वाटा फक्त त्यांनाच ठाऊक. डार्विनने एका घरी विचारलं, इकडे चोर फार आहेत का? उत्तर मिळालं, काटे अजून वाढलेले नाहीत.

ऊस वाढल्यावर बिबट्याबद्दल आपण हेच बोलतो.

पुणेरी पाटी

+१. बिबट्यावर वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

निरामिष

मी पोर्तुगालमध्ये राहतो. इथे या काटेझाडाचा दुसरा भाऊ, कार्डो, याच्या वाळवलेल्या जांभळ्या फुलांनी मेंढीच्या दुधाचं चीज विरजवतात. सेरा द एश्त्रेला नावाचं. वासराच्या पोटातलं रेनेट नाही, त्यामुळे आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांची सोय. आतून इतकं मऊ असतं की वरचं कवच कापून चमच्याने खातात. यकृतासाठी नाही, जिभेसाठी सांगितलं.

माळरान

अण्णांना हे वाचून दाखवू नये असं आईने सांगितलंय.

आता बाटलीचा प्रश्न. आत्याचा रोज फोन येतो. घ्यायच्या का कॅप्सूल? आणि बापूकाकांनी आता नवीन काढलंय. शेजारच्या गावात कावीळ उतरवणारा एक जण आहे, तो लिव्हरवरही मुळी देतो म्हणे.

वैद्यबुवा

आधी मुळीचं बोलतो. कावीळ उतरवणारे चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं, लोकांना वाटतं कावीळ निघाली. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो. निरोगी माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळंच होईल, करून बघा. आणि रोग्याला बरं का वाटतं? कारण दूषित पाण्यातून होणारी कावीळ, हिपॅटायटिस ए, बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच जाते. श्रेय मुळीला. जिथे पित्तनलिकेत खडा अडकलाय किंवा बी-सी प्रकारची कावीळ आहे, तिथे त्या मुळीच्या नादात महिना जातो आणि मग माणूस दवाखान्यात उशिरा पोचतो. मी स्वतः आयुर्वेदाचा पदवीधर असून सांगतो, यकृताच्या बाबतीत निनावी पुडी घेऊ नका. यकृतालाच ती निस्तरावी लागते.

म्युनिककर

कॅप्सूलबद्दल. एकंदरीत हे सौम्य औषध आहे. कुणाला पोट ढिलं होतं, मळमळतं, बाकी फारसं काही नाही. तरी तीन प्रश्न विचारा. अण्णांना मधुमेहाची गोळी चालू आहे का? साखर थोडी आणखी उतरू शकते. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि तिसरा, गाजरगवताची ॲलर्जी आहे का? गाजरगवत, शेवंती, सूर्यफूल, मिल्क थिसल सगळी एकाच कुळातली. गाजरगवताने अंगाला खाज सुटणाऱ्या माणसाने जपून.

बाटलीवर 'सिलीमारिन इतके मिलिग्रॅम' असा आकडा आहे का, तेही बघा. नुसतं 'मिल्क थिसल पावडर ५०० मिग्रॅ' असेल तर ती कुटलेली बी आहे, आणि २१ ग्रॅमचा हिशोब वर दिलाच आहे. शिवाय ही बी ओल धरते. युरोपात बाजारातल्या गोळ्या तपासल्या तेव्हा काहींत बुरशीची विषं भरपूर सापडली होती. यकृतासाठी घ्यायचं आणि त्यातच यकृताचा शत्रू.

माळरान

बघितलं. 'पावडर ५०० मिग्रॅ' एवढंच लिहिलंय. आकडा नाही. आणि अण्णांना गाजरगवताची ॲलर्जी आहे! दर पावसाळ्यात कोपराला चट्टे उठतात. बाटली आत्याला परत. काय सांगायचं ते आई बघेल.

पुणेरी पाटी

आत्याला हा धागा पाठवा.

माळरान

त्यात आत्याबद्दलही आहे.

लोदची आजी

बाळ माळरान, यंदा पाऊस चांगला झाला. आत्ता बाहेर पानं परातीएवढी झालीत. पुढल्या महिन्यात फुलं येतील. बी धरली की पिशवीत भरून ठेवते. माझा नातू दिवाळीत मुंबईला येणार आहे, त्याच्याबरोबर मूठभर पाठवू का? काकांना खरं झाड कसं असतं ते परसात लावून बघता येईल.

शेतकीमास्तर

आजी, तुमच्या मायेला नमस्कार, पण पाठवू नका! एक तर परवान्याशिवाय बी-बियाणं देशात आणता येत नाही. दुसरं, हे झाड ऑस्ट्रेलियात जाऊन तण झालं, अर्जेंटिनाचं वर वाचलंच. पानांत नायट्रेट साठतं, जास्त खाल्लं तर गुरं दगावतात. गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं तेव्हाही कुणाला वाटलं नव्हतं की पुढे काय होणार आहे. फोटो पाठवा, बी नको.

लोदची आजी

बरं बाबा. फोटोच टाकते. नातवाकडून मालिद्याचे (आमच्या प्रसादाचे) पोहे मागवायचे होते, तेवढं तरी चालेल ना इकडे आणलेलं?

काटेकोर

आजी, पोह्यांना आमच्या सगळ्यांचा पाठिंबा.

शेतकीमास्तर

माळरान, एक राहिलं. तो डबा आईंनी उकिरड्यावर ओतला म्हणालात. उकिरड्याचं खत कधी पसरता?

माळरान

मे महिन्यात. सगळ्या रानात.

शेतकीमास्तर

अहो, मग चुलीत टाकायचा होता तो! एका बोंडात शेकड्यांनी बी, आणि काकांनी डबा भरून आणलेली. ती उकिरड्यात कुजत नाही, वर्षानुवर्षं पडून राहते. आता खताबरोबर पेरणार तुम्ही, तेही हरभऱ्याच्या रानात.

माळरान

घमेलं आणि चाळणी घेऊन बापूकाका आणि मी दोघं उकिरड्यावर गेलो होतो. दोन तास चाळलं. निम्मा डबा सापडला, चुलीत घातला. काका एक शब्द बोलले नाहीत. शेवटी घरी येताना म्हणाले, "राह्यलेली पाऊस पडला की दिसंलच."